कोरा समास

— न्हाय, न्हाय, ओरडू नको बेटा, काय उपयोग न्हाय त्याचा. शेजारचे धावत येतील, मला ऐकू येणार न्हाय. तू आपली मान हलव. व्हय असलं की खाली-वर, न्हाय असलं की आडवी — एवढ्यावर माझं सगळं चालतं. लई वेळ घंटी वाजवत होतीस का? असशीलच. कोकिळेसारखी वाजते म्हणे, आमची मंडळी सांगायची, मी काय अजून ऐकली न्हाय. कचऱ्याची बादली बाहेर ठेवायला दार उघडलं म्हणून तू दिसलीस — न्हायतर गेली असतीस की परत नव्या पेठेत, कॉम्प्युटरच्या दुकानात सांगितलं असतंस, म्हातारा घरी न्हाय. म्हातारा घरीच असतो. कुटं जातोय? बस. ती न्हाय, ती खुर्ची डुगडुगते, ही घे — ही तिची, म्हणजे आमच्या मंडळींची, पण बस तू, ती कुटं हाय हितं बसायला.

खाजाभाईची पोरगी ना तू? समरा — व्हय, समरा. दुकानात फोन केला बसवेशनं — वरच्या मजल्यावर राहतो, बँकेत हाय, चांगला पोरगा — तर मी त्याला म्हटलं, खाजाभाईच्या पोरीलाच पाठवा म्हणावं. कसे हायत अब्बा? कान? त्याचे तर माझ्या आधी गेले. जायचेच. तो छापखान्यात मशीनवर, मी मशीनला पाठ लावून शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत — दिवसभर ती धडधड, धडधड, जेवतानासुद्धा आमी दोगं खुणेनंच बोलायचो. मीठ दे म्हणून चिमूट दाखवायची. पुढं खिळे गेले, कॉम्प्युटर आला, मी तो पण शिकलो, मग छापखानाच बंद झाला — पण कानात ते मशीन अजून चालूच हाय बघ. बाकी काय ऐकू येत न्हाय, तेवढं येतं. ते कानाचं यंत्र पण हाय माझ्याकडं, ज्ञानदानं घेऊन दिलं, माझ्या लेकीनं — ते तितं कपाटात हाय. लावलं की शिट्टी मारतं. घरात एकट्या माणसानं शिट्टी ऐकत बसायची का? म्हणून ठेवून दिलं.

तर काय झालंय, हे बघ, ह्या कॉम्प्युटरवर. पानं चिकटलीत. हितं एक पान संपतंय, आणि लगेच, श्वास घ्यायला जागा न सोडता, दुसरं चालू. मधी नुसती एक बारीक रेघ. पानाच्या डोक्यावर आकडा असायचा, पुस्तकाचं नाव असायचं बारीक अक्षरात — गेलं. खालची कोरी जागा — गेली. सगळं कसं एका ताग्यासारखं उलगडत चाललंय, कुटं कापायचं तेच कळत न्हाय. मी जन्मभर पानं लावली बेटा. पानाला डोकं असतं, पाय असतात, दोन्ही बाजूला समास असतो, मग ते पान. हे काय, हे नुसतं मजकुराचं कापड. आणि पुस्तक कुणाचं, तर नातेपुत्याचे एक रिटायर पोस्टमास्तर हायत, त्यांचं आत्मचरित्र. माणूस देवमाणूस, पण लिखाण म्हणजे मारुतीचं शेपूट. प्रत्येक बदलीला एक प्रकरण. कुटल्या गावाला सायकल मिळाली, कुटल्या गावाला मिळाली न्हाय. आता अगदी शेवटाला आलंय — आणि शेवटाला येऊन ही पानं चिकटली. चार दिवस झाले मी नुसता वर-खाली करतोय. वाटलं, सगळी पानं परत लावावी लागतात का काय.

— अगं! काय केलंस? आलं की! परत कर, परत कर ते, बघू दे मला. रेघेवर बाण न्यायचा... असा... आणि दोनदा क्लिक? एवढंच? आणि परत दोनदा केलं की परत चिकटतात? म्हणजे मीच केलं असणार ते. बोट थरथरतं माझं, एकदा दाबायला जातो, दोनदा दाबलं जातं. म्हणजे काही मोडलं न्हवतं. पान होतं तितंच, नुसतं दिसत न्हवतं. बघ, आकडा आला. नाव आलं. हे झालं पान! लई उपकार झाले बेटा. चार दिवस जीव टांगणीला होता माझा — न्हाय, हसू नको, खरंच. तुला वाटेल, म्हाताऱ्याला पोस्टमास्तराचं केवढं पडलंय. पोस्टमास्तराचं मेलं काय पडलंय मला.

चहा ठेवतो. आडवी मान हलवू नको, चहाला आडवी मान मी धरत न्हाय. बस. ऊन तरी केवढं हाय बाहेर, या उन्हात परत गाडीवर जाणार, घोटभर घेऊन जा. आणि दुसरं काय न्हाय माझ्याकडं द्यायला... म्हणजे एक कडक भाकरी हाय डब्यात, पण ती — ती असू दे. ती ठेवलेली हाय. आमची मंडळी जाताना चळत करून गेली, डब्यात भरून, बरोबर शेंगाची चटणी, आणि झाकणावर चिठ्ठी चिकटवली — ‘ही संपायच्या आत येते’. ज्ञानदाचं दुसरं बाळंतपण. पहिलं हितं झालं, माहेरी, रीतीप्रमाणं. दुसऱ्याला ती काय आली न्हाय, नोकरी तिकडं, थोरलीची शाळा तिकडं, नागपूरला. मग आईच गेली. जाणारच की. मी म्हटलं जा. पाडव्याला परत येते म्हणाली. मी भाकरी जपून खाल्ली. कडक भाकरीचं बरं असतं, नासत न्हाय, मोडून आमटीत टाकली की झालं. पाडवा गेला. अक्षय्य तृतीया गेली. एक भाकरी ठेवलीय मी. ती खात न्हाय. आता तू म्हणशील, येडा हाय का म्हातारा. असू दे. संपली न्हाय ना? मग झालं तर.

फोन? ही बघ, कानाला हात लावून दाखवतीस होय. फोनवर मला काय ऐकू येतंय? ज्ञानदा मेसेज करते — बाबा जेवलात का, मी लिहितो हो. बाबा ऊन फार आहे, मी लिहितो हो. कधीमधी तो व्हिडिओ लावते. तितं बाळ दिसतं, थोरली नात जीभ दाखवते, आणि मागं कोपऱ्यात ती असते, आमची मंडळी, दानेश्वरी, कपडे घडी घालत. ती बघते. मी बघतो. मी हात हलवतो बाळाकडं बघून. आता सगळ्यांसमोर काय बोलायचं, आणि बोललो तर ऐकायचं कुणी? आणि खरं सांगू का — आमी दोगं तोंडानं बोललो की भांडतो. पहिल्यापासून. घरात कन्नड, बाजारात मराठी, दोन्हीत भांडून झालंय. पण लिहायचं म्हटलं की जमतं आमचं. कन्नड बोलायला येतं, लिहायला येत न्हाय दोगांनाही, म्हणून लिहायचं ते मराठीत, आणि ते पण शुद्ध. मी हा असा बोलतो तुझ्याशी हाय-न्हाय करत, पण कागदावर ‘आहे’ला ‘हाय’ लिहून दाखव म्हण — हात झडला तरी लिहिणार न्हाय.

तुला सांगितलं असेल की अब्बांनी. ती प्रुफं तपासायची आमच्या छापखान्यात. कोपऱ्यात खिडकीपाशी टेबल, मान खाली, दिवसभर एक शब्द न्हाय. मी मजकूर जुळवून कच्चा कागद पाठवायचा, तिनं चुका काढून परत पाठवायचा. चुकीच्या शब्दावर आडवी रेघ, आणि बाजूच्या समासात लिहायची — ‘वगळावे’. वळणदार अक्षर. ‘वगळावे’. ‘ओळ सुटली’. मग हळूहळू समासात दुसरं पण यायला लागलं. ‘आज घाई दिसते’. ‘सर्दी झाली आहे का, फार चुका आहेत’. मी तिच्याच समासात खाली उत्तर लिहायचो, सुधारलेला कागद परत जाताना. मालकाला वाटायचं, लई काळजीनं काम चाललंय दोगांचं. आमचं लग्न सगळं त्या समासात ठरलं बघ. मी लिहिलं — ‘घरी येऊन विचारू का?’ तिनं त्यावर नुसती बरोबरची खूण केली.

पण रागावली की — अरे देवा. रागावली की काय करायची, तर चुका सगळ्या दुरुस्त करायची, शब्दातल्या शब्दात, शाईनं, एक सोडायची न्हाय. पण समास कोरा. एक अक्षर बाहेर न्हाय. असा सगळा सुधारलेला कागद आणि बाजूला पांढरा फटक समास आला की सगळ्या छापखान्याला कळायचं. तुझे अब्बा मशीनवरनं खुणेनं सांगायचे मला — समास कोरा हाय रे आज, घरकू संबालके जाव. आणि खरंच तसंच असायचं. त्या दिवशी घरात फक्त भांड्यांचा आवाज.

हे बघ, चहा. साखर कमी वाटली तर तितं डब्यात हाय.

तर ही फाइल हाय ना, ही अशी हाय की मी हितं टाइप करतो आणि ती तितं वाचते, जावयाच्या कॉम्प्युटरवर. तेच पान. बसवेशनंच जोडून दिलं होतं, ती जायच्या आधी. ती रात्री उशिरा बाळ झोपलं की बसते, चुका काढते, आणि ह्या बाजूला — ह्या उजव्या बाजूला एक पट्टी यायची, तीत लिहायची. छापखान्यासारखंच. पोस्टमास्तरांनी सगळ्या पुस्तकात बायकोवर एक ओळ लिहिलीय, तर हिनं बाजूला लिहिलं — ‘सहा गावच्या सायकली आल्या, बायको एकदाच आली, तीही चहा घेऊन’. मी लिहिलं — ‘मी असतो तर निदान भाकरी तरी दिली असती हातात’. असं चालायचं आमचं. सकाळी उठायचं, तोंड धुवायच्या आधी हे चालू करायचं, रात्रीत तिनं काय लिहिलंय ते बघायचं. घरात ती असताना पण एवढं बोलत न्हवतो आमी. आता ते — आता ते न्हाय. तिनं पुसून टाकलं.

व्हय. सगळं. तिचं पण आणि माझं पण. तू तसं बघू नको, माझी पण चूक हाय. पाडवा झाला, तिनं लिहिलं — ‘ज्ञानदाने अजून जीव धरलेला नाही, आणखी महिनाभर राहते’. त्या दिवशी काय झालं होतं, तर दूध उतू गेलं, गॅसवर सगळं, पुसता पुसता हात भाजला, त्यात लाइट गेली, ऊन मरणाचं — आणि लाइट आल्यावर हे वाचलं. डोकं फिरलं. लिहिलं समासात — ‘तिकडेच राहा. इथे माझं काही अडत नाही’. लिहिलं आणि बंद केलं. वाटलं, सकाळी बघू काय म्हणते. आणि सकाळी तर डोळ्याचं ऑपरेशन. मोतीबिंदू. उजवा. कुणाला सांगितलं न्हवतं मी, उगीच ती तिकडं जीवाला घोर लावून घेईल — आणि खरं तर, सांगितलं न्हवतं कारण मला बघायचं होतं, ती स्वतःहून विचारते का. बसवेश घेऊन गेला, बसवेशनं आणलं. चार-आठ दिवस पट्टी, काळा चष्मा. मग तोच बिचारा बसला हितं, म्हणाला — म्हणजे मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं मला — काका, तुम्हाला मोठं आणि साफ दिसेल असं करून देतो. केलं त्यानं. अक्षरं ही एवढी, पान कसं स्वच्छ, लाल खूण न्हाय निळी न्हाय. आणि समास बघितला तर — कोरा.

एक अक्षर न्हाय. माझं ते वाक्य न्हाय, तिचं त्याच्यावरचं उत्तर न्हाय, पोस्टमास्तराची बायको न्हाय, काय न्हाय. महिन्यांचं सगळं बोलणं पांढरं फटक. पण मजकूर बघितला तर सुधारलेला! सगळ्या चुका बरोबर! म्हणजे ती बसत होती, वाचत होती, आणि काय बोलत न्हवती. मला काय नवीन होतं का ते? मी लगेच ओळखलं. खाजाभाईनं पण ओळखलं असतं. समास कोरा हाय रे आज. पण छापखान्यात निदान संध्याकाळी ती घरी यायची की. भांडी आपटायची. भांडी आपटलेली दिसायची तरी.

मग मी पण लिहिलं न्हाय काय. का लिहू? तिनं माझं पुसायचं आणि मी परत लिहायचं? म्हटलं बघू कोण आधी लिहितं. ज्ञानदानं मेसेज केला, बाबा आईला काहीतरी लिहा ना. मी लिहिलं हो. आणि लिहिलं न्हाय. फक्त — हे कुणाला सांगू नको, अब्बांना पण न्हाय — मी रात्री झोपायच्या आधी मुद्दाम चुका सोडायचो. चांगला बरोबर शब्द असायचा, तो मोडून ठेवायचो. एखादी ओळ दोनदा टाकायची. आणि सकाळी उठून बघायचं. बरोबर झालेली असायची. मग मला कळायचं, ती हाय. बसली होती हितं काल. माझ्या ओळीवर तिचा हात फिरला. एवढ्यावर दिवस जायचा बेटा. त्या व्हिडिओपेक्षा हे बरं. पण डोळ्याचं विचारलं न्हाय तिनं. ज्ञानदाला कळलं होतं, बसवेशच्या बायकोनं सांगितलं, मग हिला कळलं नसेल का? कळलंच असणार. एका शब्दानं विचारलं न्हाय, कसा हाय डोळा. ते मात्र लागलं मला. कोरडा राग समजू शकतो मी, पण माणसाचा डोळा कापलाय आणि तू चुका काढून उठून जातीस? एवढं काय लिहिलं होतं मी?

आता हे पुस्तक संपलं. शेवटचं पान हाय. उद्या पोस्टमास्तरांचा माणूस येऊन घेऊन जाणार. मग ही फाइल बंद. मग मी रात्री कुटं चूक सोडायची? म्हणून म्हटलं ना तुला, जीव टांगणीला होता. पानं चिकटली तेव्हा वाटलं, आता हे पण जातंय. एवढं एकच तर —

काय? काय म्हणतीस? हळू, ओठ दिसू दे. हा समास? व्हय, कोरा हाय तो, तेच तर सांगतोय, तिनं पुसलं. — न्हाय? मान आडवी का हलवतीस? अगं नको, नको हात लावू, असू दे जसं हाय तसं, आता कुटं पानं सुटी झालीत. वर काय उघडलंस ते? रिव्ह्यू. आणि ही बारीक चौकट — थांब, चष्मा — ‘नो मार्कअप’. म्हणजे खुणा दाखवू नको असं? हे बसवेशनं केलं असेल, साफ दिसावं म्हणून. मग? त्याच्यावर दाबलं की काय होतं? उगीच काहीतरी —

हे काय?

हे कुटनं आलं? हे सगळं — लाल — हे आत्ता आलं का? आत्ता नागपूरवरनं? — न्हाय. आधीचं हाय. म्हणजे हितंच होतं. पुसलं न्हवतं. झाकलेलं होतं. एवढे दिवस झाकलेलं. हे पोस्टमास्तराच्या बायकोचं, हे बघ, हाय की! आणि हे माझं. ‘तिकडेच राहा. इथे माझं काही अडत नाही’. आणि त्याच्या खाली तिचं. तिनं लिहिलंय... त्याच दिवशी. ‘हे वाक्य वगळावे.’

वगळावे. हसली असेल ती हे लिहिताना. मला माहीत हाय, हसूनच लिहिलंय हे.

थांब, तू चाक फिरवू नको, मी फिरवतो. खाली पण हाय. ‘डोळ्याचं ज्ञानदाकडून कळलं. मला सांगितलं नाहीत. कोणता डोळा? औषध कोण घालतं?’... उजवा. बसवेश घालतो. ‘उत्तर नाही. पट्टी असेल अजून. असू दे, पट्टी निघाल्यावर लिहा.’ ‘भाकरी संपली असेल. शेजारी सांगू का?’ ‘एवढ्या चुका तुमच्या हातून होत नाहीत. हा शब्द तुम्ही झोपेतसुद्धा चुकणार नाही. नीट दिसत नाही का? डॉक्टरांना परत दाखवा.’ — दिसत होतं गं. नीट दिसत होतं. मुद्दाम... ‘आज परत तीच चूक. मला भीती वाटते. खरं सांगा, डोळा गेला तर नाही ना?’

बेटा, तू पाणी आणतीस का जरा. न्हाय, बस. बस हितंच.

‘आज व्हिडिओवर नीट बघितलं. तुम्ही बाळाकडे बघून हात हलवलात. म्हणजे दिसतं आहे. मग लिहीत का नाही?’ ‘रागावलात का?’ ‘मी येऊ का?’ हे तिनं दोनदा लिहिलंय. दोन वेगवेगळ्या पानांवर. ‘मी येऊ का?’ हे पान मी वाचलंय बेटा, ह्याच पानावर मी मुद्दाम ओळ दोनदा टाकली होती. हिच्या ‘येऊ का’च्या अगदी शेजारी. आणि हे... हे कालचं हाय ना? तारीख बघ. कालची. ‘हे शेवटचं पान. चूक एकही नाही. परत परत वाचलं, तुम्ही काही लिहिलं असेल म्हणून. तुमचा समास कोरा. छापखान्यात मी तुम्हाला हेच करत असे, आता तुम्ही मला करता, ठीक आहे. कळलं मला. यापुढे विचारणार नाही. ज्ञानदालाही हवीच आहे मी. राहते.’

राहते.

म्हणजे ती तितं बसून माझा समास बघत होती. मी हितं बसून तिचा. दोगं पण कोरे. — न्हाय, बसवेशला काय बोलू नको, त्याचा काय दोष, त्यानं चांगल्यासाठी केलं, साफ दिसावं म्हणून. साफच दिसलं. मलाच पांढरं दिसलं की राग दिसतो, सवय हाय.

कुटं लिहायचं? हितं, तिच्या खाली? हे दाबलं की चौकट येते... आली. तू लिहू नको, मी लिहितो. आज चुकणार न्हाय. तिचा तो शेवटचा शब्द धरायचा... असा... ‘हा शब्द वगळावा.’ आणि खाली — काय लिहू? लई हाय लिहायला. न्हाय, लई नको. ‘भाकरी अजून एक आहे.’ झालं. एवढं पुरे, ती समजंल. गेलं का? हे दाबायचं? दाबलं.

तिकडं दिसेल ना हे? आत्ता? बेटा, खरं सांग — तिकडं जावयाच्या कॉम्प्युटरवर कुणी तिला साफ दिसावं म्हणून काही केलं नसेल ना? तिचा समास कुणी झाकला नसेल ना? तुला कसं कळणार म्हणा. तुला काय माहीत.

बरं, तू जा आता. न्हाय, रागावलो न्हाय, पण जा. मला जरा बसू दे हितं, ह्याच्यासमोर. अब्बांना सलाम सांग. चहा तसाच राहिला तुझा, असू दे, मी पितो. आणि जाताना — समरा, हिकडं बघ — जाताना दार ओढू नको. उघडंच राहू दे ते, ऊन आत आलं तरी चालतंय. नागपूर लांब हाय, मला कळतं, आज काय कुणी येत न्हाय. तरी उघडं राहू दे. घंटी वाजलेली मला ऐकू येत न्हाय.